सतरा नंबरचं इंजन

महेजबीनच्या हातात कुठलीही वस्तू आली, की ती दिसते कशी याच्या आधी ती पुढं कितीला जाईल हे तिच्या डोक्यात यायचं. मामेबहिणीच्या लग्नात सगळ्या पोरी नवरीच्या ओढणीवरचं जरीकाम निरखत होत्या, तेव्हा ही गळ्यातल्या हाराची घडणावळ विचारत होती. नव्या पेठेतल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात तिला नोकरी लागली, तेव्हा तिची आई माजिदा म्हणाली, "हिला पगार कशाला देतात? ही तर फुकटसुद्धा गेली असती."

तिचे अब्बा मैनुद्दीन याच्या बरोबर उलट. उभी हयात टेम्पोतून लोकांचा माल वाहिला, पण स्वतःच्या घरात जास्तीची खुर्ची आणली नाही. आता वय झालं म्हणून मोठा टेम्पो विकून त्यांनी एक छोटा हत्ती घेतला होता. मनात आलं तर भाडं मारायचे, नाही तर चौकात गाडी लावून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायचे. गप्पांना भाडं लागत नाही, हे त्यांचं एकमेव अर्थशास्त्र.

पत्त्यांचं खूळ महेजबीनच्या डोक्यात शिरलं ते मोबाईलमधून. कुणीतरी व्हिडिओत सांगत होता, की लहानपणी चॉकलेट-गोळ्यांबरोबर मिळणारे चित्रांचे पत्ते आता सोन्याला मागं टाकणार आहेत. तिनं शोधाशोध केली आणि 'जुने पत्ते गुंतवणूकदार' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात शिरली. तिथं सगळ्यात जास्त बोलबाला होता इंजनाच्या पत्त्यांचा. तीसेक वर्षांपूर्वी 'इंजन छाप' नावाचं एक बबलगम निघायचं. प्रत्येक पुडीत एक पत्ता, पत्त्यावर आगगाडीचं एक इंजन. चाळीस पत्त्यांचा पूर्ण संच जमवून पाठवला की कंपनी क्रिकेटची बॅट देणार, अशी जाहिरात होती. बॅट कुणाला मिळाली नाही. एकतीस नंबरचा पत्ता, म्हणजे सगळ्यात वेगवान निळं इंजन, कधी निघतच नसे. कंपनी यथावकाश बुडाली, आणि एकतीस नंबर अमर झाला.

ग्रुपचा कर्ता-करविता होता प्रभु नावाचा एक जण. मूळचा सोलापूरचाच, पण आता पुण्यात असायचा. महेजबीननं त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एकतीस नंबर मिळवा, आणि बाकी माझ्यावर सोडा. तुमची स्कूटी त्यातून निघेल."

"आणि मी तो विकला नाही तर?"

"तर अजून चांगलं. होल्ड करा. पुढच्या वर्षी चारचाकी निघेल."

महेजबीननं स्कूटीचा रंगही ठरवून टाकला.

एकतीस नंबर कुणाकडं आहे याचा माग काढता काढता ती कुर्डुवाडीपर्यंत पोचली. तिथं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये श्रीशैल नावाचे एक फिटर होते. शाळेत असल्यापासून हे पत्ते जमवत आलेले. फोनवर ते एवढंच म्हणाले, "हाय की. बघायला या."

रविवारी सकाळी अब्बांनी गाडी काढली. "कार्टीला पत्ते बघायला न्यायचं म्हणून कुर्डुवाडीपर्यंत डिझेल जाळतोय," ते माजिदाला म्हणाले, पण नवा शर्ट घालून आले होते. मोहोळ येईपर्यंत त्यांनी तिला ओळखीचे चार ढाबे आणि आपली पंक्चर झालेली दोन ठिकाणं दाखवली.

श्रीशैल चाळिशी ओलांडलेले, बुटके, हसरे गृहस्थ निघाले. चहा येण्याआधी त्यांनी कपाटातून एक बिस्किटांचा डबा काढला आणि सगळे पत्ते सतरंजीवर ओतले. ग्रुपमधली माणसं पत्त्याला हात लावताना हातमोजे घालत, कडक प्लास्टिकच्या डब्या आणत, कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवत. आणि इथं शेंगा ओताव्यात तसे पत्ते ओतलेले.

"हे बघा एकतीस," श्रीशैलनी ढिगातून निळं इंजन काढून तिच्या हातात दिलं. "माज्याकडं दोन हायत."

दोन! महेजबीननं आवाज शक्य तेवढा सपाट ठेवला. "एक विकणार का? किंमत तुम्ही सांगा."

"विकायचं न्हाय."

"मी बाजारभावापेक्षा जास्त देईन."

"बाजार कुटला आलाय ह्यात ताई?" ते खरोखरच गोंधळले. "पत्ता बदली करायचा असतोय. मला सतरा नंबर पायजे. तेवढा एकच न्हाय माज्याकडं. सतरा आणा, एकतीस घेऊन जावा."

"सतरा? ते तर..." महेजबीननं यादी पाठ केली होती. सतरा नंबर म्हणजे अरुंद रुळावरचं एक छोटं हिरवं इंजन. ग्रुपात त्याला कुणी विचारत नव्हतं. "त्याचं काय एवढं?"

"आमच्या आजोबांनी तसल्या इंजनावर कोळसा टाकलाय. ती लाईन हितनंच जायाची. शाळंत असताना सगळ्या पोरांकडं कुटलं ना कुटलं भारी इंजन निघायचं, पर आमच्याच गावचं इंजन कुणाला निघालं न्हाई."

एवढ्यात अब्बांनी एक पत्ता उलटा करून बघितला. मागं आकडे छापलेले होते: वेग, वजन, चाकं, साल. "हे कशाला?"

"खेळायला!" श्रीशैल एकदम मांडी बदलून बसले. "निम्मं पत्ते तुमचं, निम्मं माजं. ज्याचा डाव, त्यानं हाक द्यायची. म्हंजे तुमी म्हनला 'वजन', तर माज्या वरच्या पत्त्याचं वजन बघायचं. ज्याचं जास्त, त्यानं दोन्ही पत्तं घ्यायचं."

अब्बांनी वाटलेले पत्ते हातात धरले आणि टेम्पोचा गिअर टाकावा तशा निर्धारानं पहिली हाक दिली. "चाकं!"

दुपारचं जेवण तिथंच झालं. महेजबीन घड्याळ बघत होती, आणि दोन बाप्ये सतरंजीवर ओरडत होते. निघताना अब्बांनी विचारलं, "पुढच्या रविवारी असता ना घरी?"

परतीच्या वाटेवर महेजबीन मनात हिशेब करत होती. सतरा नंबर कुठून आणायचा? ज्या पत्त्याला किंमत नाही तो ग्रुपातही कुणी जपून ठेवत नाही.

मोहोळ मागं पडल्यावर अब्बा एकाएकी म्हणाले, "बेटा, ते गम मी वाहिलंय."

"काय?"

"हौ. सोलापूरच्या होलसेलवाल्याचा माल घेऊन अक्कलकोट, मैंदर्गी करायचो ना मी? साबण, काडेपेट्या, गोळ्या-बिस्किटं. ते इंजनाचं खोकं मला आठवतंय. मैंदर्गीला गुरम्माच्या दुकानात उतरवायचो. ती बाई कुठलीच वस्तू टाकत नाही. एखादं खोकं अजून असेल तिच्याकडं."

महेजबीननं अशा 'असेल'वर कधी पैसा लावला नव्हता. पण पुढच्या रविवारी ती गाडीत बसली.

मैंदर्गीच्या बाजारात गुरम्माचं दुकान होतं तसंच होतं, फक्त गोळ्यांच्या बरण्या जाऊन तिथं शाम्पूच्या माळा लटकत होत्या. गुरम्मा सत्तरीच्या पुढची, कानडी वळणाचं मराठी बोलणारी, आणि डोळ्यांनी अजून पक्की. तिनं अब्बांना रस्त्यावरनंच ओळखलं.

"मैनुद्दीन! किती म्हातारा झाली रे तू! माझी काडेपेटीची एक पुडा कमी आणून दिली हुतास, आठवतंय का?"

"तेव्हाच भरून दिला होता, गुरम्मा!"

"दिली हुतास, दिली हुतास. बस." मग तिची नजर महेजबीनकडं गेली. "ही पोरगी तुझी? बरं झालं, आईवर गेली."

हसणं-खिदळणं झालं, ताक झालं, भाकरी आणि शेंगाची चटणी झाली. मग अब्बांनी विषय काढला. गुरम्मानं क्षणभर डोळे मिटले. "गमचा डबा? हाय. एजंट परत नेतो म्हणून गेली, आलीच न्हाई. माळ्यावर हाय बघ, चुन्याच्या पिशवीमागं."

अब्बा शिडीवर चढले. खाली आले ते कोळ्याच्या जाळ्यांनी केस पांढरे करूनच. हातात एक पुठ्ठ्याचं खोकं होतं, पिवळं पडलेलं, पण चारी बाजूंनी कंपनीची कागदी पट्टी जशीच्या तशी चिकटलेली. वर लाल अक्षरात 'इंजन छाप'.

न फोडलेला, सीलबंद डबा! असा डबा ग्रुपमध्ये कुणी फोटोतसुद्धा पाहिला नव्हता. महेजबीननं खोकं दोन्ही हातांनी घेतलं. "आजी, किती देऊ याचे?"

"जुन्या मालाचे पैसे घेऊ व्हय मी? मुंग्यांनी खाल्ली असेल समदं." गुरम्मानं हात उडवला. "ने. फक्त एक कर. आतनं काय काय निघतंय ते मला सांग. आणि एक आगगाडी मला आणून दे. धूर सोडणारी. इतकी वर्सं डोक्यावर डबा हाय, आत काय हाय ते म्या बघितली न्हाई."

"देते की," महेजबीन म्हणाली. तिनं खोकं ओढणीत गुंडाळलं आणि तान्हं मूल घ्यावं तसं मांडीवर घेतलं.

वळसंगला चहा प्यायला थांबले, तेव्हा अब्बांनी खिशातून छोटा चाकू काढला. "चल, बघू सतरा आहे का."

"अब्बा! हात नका लावू!" ती जवळजवळ किंचाळली. चहावाला दचकून बघायला लागला. "हा फोडायचा नाहीये. फोडला की संपला."

"संपला म्हणजे? फोडल्यावर तर सुरू होतो."

"तुम्हाला नाही कळायचं." तिनं तिथूनच प्रभुला फोटो पाठवला. मिनिटात फोन आला. प्रभुला धाप लागली होती. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून महेजबीननं चहाचा पेला खाली ठेवला. स्कूटी सोडा, शोरूममधून घासाघीस न करता गाडी उचलता आली असती.

"पण लगेच विकू नका," तो म्हणाला. "मी परदेशातल्या एकाशी बोलतो. तोवर अजिबात हलवू नका, ऊन लागू देऊ नका, आणि मॅडम, फोडण्याचा विचार चुकूनही मनात आणू नका."

अब्बांनी चाकू मिटून खिशात टाकला. "तुझी चीज, तू जाण," एवढंच म्हणाले, आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. ते भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

डबा आईच्या कपाटात, ठेवणीतल्या दुपट्ट्यांखाली गेला. माजिदानं दोन दिवस बघितलं, मग म्हणाली, "हे खोकं कामाला जाऊन पगार आणणार आहे का? माझी जागा अडलीय." ऑफिसातनं आल्यावर महेजबीन रोज कपाट उघडून डबा बघायची. डबा होता तसाच असायचा. त्याच्याकडं बघून करायचं काय, हे मात्र तिला उमजत नसे. शेअर तरी रोज वर-खाली होतात, तेवढीच करमणूक. हा डबा नुसता बसून राही.

एकदा गंमत म्हणून तिनं ग्रुपमध्ये विचारलं, 'तुमचं सगळ्यात आवडतं इंजन कोणतं?' दिवसभर कुणी बोललं नाही. संध्याकाळी प्रभुनं एक अंगठा टाकला. प्रियंका नावाच्या कुणा बाईनं लिहिलं, 'नऊ नंबर. त्याचा भोंगा गमतीशीर आहे.' त्याखाली लगेच कुणीतरी नऊ नंबरचा भाव टाकला, आणि बोलणं तिथंच मेलं.

इकडं अब्बा दर रविवारी कुर्डुवाडीला जाऊ लागले. गाडीनं परवडेना तेव्हा रेल्वेनं. येताना तिकडच्या गोष्टी घेऊन यायचे. कधी श्रीशैलनी कसं फसवलं, कधी यांनी नुसत्या 'साल' या हाकेवर सहा पत्ते कसे ओढले. माजिदा म्हणायची, "म्हातारपणी जुगार लागला." पण ऐकायला बसायची.

आणि गुरम्माचा फोन यायचा. आठवड्यातून एकदा तरी यायचाच.

"पोरी, कुठली निघाली ग?"

"आजी, अजून उघडला नाही."

"बरं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "निघाली का धूरवाली?"

"नाही आजी, जरा वेळ लागेल."

महेजबीननं मधल्यामध्ये एक वाट काढून बघितली. धुराचं इंजन असलेला एक सुटा पत्ता ग्रुपमधून विकत घ्यावा आणि गुरम्माला नेऊन द्यावा. तिला काय कळतंय कुठल्या डब्यातला ते? पत्ता आलासुद्धा. पण तो पाकिटात घालून अब्बांना 'मैंदर्गीला जाऊ या' म्हणायची वेळ आली, तेव्हा तिची जीभ रेटेना.

चौथ्या की पाचव्या फोनला गुरम्मा जरा चिडली. "पोरी, खरं सांग. फोडणार हायस का न्हाई?"

महेजबीननं खरं सांगितलं. डबा बंद असेल तरच त्याला किंमत आहे, म्हणून तो बंदच ठेवायचाय, पुढं कुणीतरी घेईल, आणि तोही बंदच ठेवील.

मग गुरम्मा म्हणाली, "अगं, मग नेलीस कशाला? बंदच ठेवायची हुती तर माझ्या माळ्यावर काय वाईट हुती? मी पण ठेवलीच हुती की इतकी वर्सं!"

महेजबीन फोन ठेवून हसत सुटली. ऑफिसातल्या लोकांना वाटलं बाजार उसळला. ती हसत होती, पण तिच्या लक्षात आलं होतं, की तिनं आणि तिच्या ग्रुपनं मिळून जो मोठा व्यवसाय मांडलाय, तो गुरम्मा चुन्याच्या पिशवीमागं बिनबोभाट करत होती. आणि शब्द दिला होता तो वेगळाच.

त्या रविवारी ती अब्बांना म्हणाली, "कुर्डुवाडी राहू द्या आज. मैंदर्गीला चला. आणि तो चाकू घ्या."

अब्बांनी गाडी नेहमीपेक्षा जोरात हाणली.

गुरम्मानं दुकानाची एक फळी लावून घेतली, गिऱ्हाईक नको म्हणून. अब्बांनी पट्टी कापली. महेजबीननं डोळे मिटून घेतले होते. मग एक जुनाट गोडसर वास आला, पेपरमिंट आणि मातीचा. पुड्या रांगेनं बसलेल्या. गम दगडासारखं झालं होतं. गुरम्मानं एक तुकडा अडकित्त्यात धरून बघितला, अडकित्ता हरला.

पण पत्ते कोरे करकरीत होते. तिघं मिळून फोडत गेले. पहिल्या दोन-चार पुड्या महेजबीननं कात्रीनं, कड सांभाळून कापल्या. पुढं तिला दम निघेना, तीही दातांनी फाडायला लागली.

"बावीस!"

"पाच. परत पाच!"

"ही बघ, ही बघ धूर सोडणारी!" गुरम्मानं एक पत्ता उंच धरला. काळंभोर इंजन, मागं धुराचा लोट. तिनं तो पदराला पुसला, भिंतीवरच्या सिद्धरामेश्वराच्या तसबिरीच्या चौकटीत खोचला, आणि पुन्हा फोडायला बसली. "अजून एक बघू."

आणि मग अब्बांच्या हातातून ते निघालं. छोटं, हिरवं, अरुंद रुळावरचं. "बेटा... सतरा."

महेजबीननं त्यांच्या हातातून पत्ता हिसकावलाच. पुढच्याच पुडीत गुरम्माला सतरा निघाला. मग महेजबीनला. मग पुन्हा अब्बांना. डबा संपला तेव्हा सतरा नंबरचे आठ पत्ते ओळीत पडले होते. एकतीस नंबर एकही नव्हता.

"असं कसं?" महेजबीन म्हणाली.

अब्बा डोकं खाजवत बसले. मग हळूच म्हणाले, "बेटा, कुर्डुवाडीचा माल सोलापूरहून जात नव्हता. तिकडची एजन्सी बार्शीची होती."

दुसऱ्या रविवारी सतरा नंबर घेऊन ते कुर्डुवाडीला गेले. श्रीशैलनी पत्ता हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला, आतल्या खोलीत जाऊन बायकोला दाखवून आले, आणि शब्द दिल्याप्रमाणं एकतीस महेजबीनच्या पुढ्यात ठेवला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्या शाळेत हा एकतीस आणखी कुणाकडं होता?"

"कुनाकडं नव्हता ते इचारा. ढिगानं हुते! आमी लगोरीला खाली लावायचो एकतीस. सतराच मिळायचा न्हाई."

"मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी कुटं इचारलं ताई? तुमी किंमत इचारली."

तेव्हा तिला सगळी गोम कळली. कंपनीनं इकडच्या गावांना सतरा दिलाच नव्हता, तिकडच्या गावांना एकतीस. इकडची पोरं सतरासाठी गम चघळत राहिली, तिकडची एकतीससाठी. मधे फक्त दोन-तीन तासांची वाट होती, पण शाळेतली पोरं ती ओलांडणार कशी? आणि पुढं भाव ठरवणारी मोठी माणसं सगळी एकतीस न मिळालेल्या बाजूची निघाली, म्हणून एकतीस दुर्मिळ ठरला. एवढंच.

"आता हा प्लास्टिकमध्ये घाला हं," ती सतराकडं बोट दाखवून श्रीशैलना म्हणाली. "कोरा करकरीत आहे."

पण श्रीशैलनी तो केव्हाच गड्डीत घालून पिसला होता. पहिल्याच डावात सतरा त्यांच्या वर आला, आणि अब्बांनी हाक दिली, "वेग!" त्या बिचाऱ्या हिरव्या इंजनाचा वेग सगळ्या संचात कमी. वजन कमी, चाकं कमी. ज्या पत्त्यासाठी माणूस तीस वर्षं थांबला, तो पहिल्या हाकेला हरला. श्रीशैल मांडी थोपटून हसले. "आमच्या आजोबांचं इंजन हाय! चढावर तर लोक उतरून संगट चालायचे."

"मला वाटा पत्ते," महेजबीन म्हणाली आणि सतरंजीवर सरकून बसली.

ती तिन्ही डाव हरली. तिसऱ्या डावात अब्बांनी तिचं एकतीस ओढून नेलं, तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली, की शेजारची बाई डोकावून गेली.

सोलापूरला परत आल्यावर प्रभुचा निरोप वाट बघत होता. एकतीसला गिऱ्हाईक तयार होतं. महेजबीन बराच वेळ फोन हातात धरून बसली. विकून टाकावं आणि मग खरं सांगावं, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. चांगला दोनदा आला. पण आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट समोरच्याला ठाऊक नाही, आणि तेवढ्यावरच आपला फायदा उभा आहे, याला तिच्या ऑफिसात एक नाव होतं. ते नाव चांगलं नव्हतं.

तिनं ग्रुपमध्ये सगळं लिहिलं. बार्शीची एजन्सी, सोलापूरची एजन्सी, आठ सतरा, लगोरीखालचे एकतीस. शेवटी लिहिलं, 'ज्यांना सतरा हवा असेल त्यांना बदलीत मिळेल. आम्ही रविवारी हे पत्ते खेळतो.'

पाच मिनिटांत प्रभुचा फोन. "मॅडम, काय केलंत हे! आणि तो डबा? डबा फोडलात?"

"हो. दातांनी."

"अहो, तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय घालवलंत?"

"आहे. आकडा तुम्हीच सांगितला होतात," ती म्हणाली. "प्रभुभाऊ, तुमच्याकडं एकतीस किती आहेत?"

तो हळू आवाजात म्हणाला, "चौदा."

तिला त्याची खरोखर दया आली. "या एकदा रविवारी. खेळायला भरपूर होतील." त्यानं फोन ठेवला, आणि संध्याकाळी तिला ग्रुपमधून काढलं. तिला थोडं वाईट वाटलं. स्कूटीचंही वाटलं, नाही कशाला म्हणा. दोन दिवस ती रस्त्यानं जाणारी प्रत्येक स्कूटी निरखत होती. मग महिनाअखेरीच्या कामात विसरली.

आठवडाभरानं एका अनोळखी नंबरावरून निरोप आला. 'मी प्रियंका. नऊ नंबरवाली. होटगी रोडला माझा दातांचा दवाखाना आहे. तुम्ही रविवारी खेळता म्हणे. मी आले तर चालेल?'

ती आली ती पत्र्याची एक छोटी पेटी घेऊन. श्रीशैलही त्या दिवशी सोलापूरला आले होते. माजिदानं पुढच्या खोलीत चटई घातली होती आणि सगळ्यांना पोहे दिले होते. प्रियंकानं पेटी उघडली. एकेक पत्ता जाड, पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचा बंद. पत्ते लखलखत होते, पण त्यांना हात लागणं शक्य नव्हतं.

"मी ह्यांच्याशी कधी खेळलेच नाही," ती ओशाळून म्हणाली. "लहानपणी आई अभ्यासाला बसवायची, आणि पुढं ते महाग झाले. फोडू का आता हे?"

"छे छे, कशाला!" महेजबीन म्हणाली. "छान दिसतायत. राहू द्यात तसेच. तुमची हौस ती." तिनं मैंदर्गीच्या डब्यातल्या जास्तीच्या पत्त्यांची गड्डी पुढं सरकवली. "हे घ्या. हे चुरगळायलाच आहेत."

माजिदा दारात उभी राहून बघत होती. आता तिनं पदर खोचला आणि चटईवर येऊन बसली. "मलाही वाटा. घरातलं काम काय, मेलं कधी संपतंय."

"तुला येतो का खेळ?" अब्बांनी विचारलं.

"इतके रविवार ऐकतेय मी. बहिरी आहे का?" तिनं पत्ते उचलले, डोळ्यांजवळ नेले, सगळ्यांकडं एकदा संशयानं बघितलं आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "चाकं!"